लग्नाचा दाखला, शिपायाची बाई आणि सरकारचे पोलीस



सैनिक मेला तर पेन्शन कोणाला? 'लग्नाच्या बायकोला' हे उत्तर आपल्या तोंडी तयार असते. हा नियम काही आभाळातून पडलेला नाही. सरकारला गरज भासली की तो वाकतो. ब्रिटनचाच इतिहास पाहा.

1914 पूर्वी ब्रिटिश शिपायाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे. ती न घेता चर्चमध्ये रीतसर लग्न लावले, तरी लष्कराच्या लेखी ती बायको नव्हतीच. बराकीत जागा नाही, भत्ता नाही. मग महायुद्ध आले. सक्तीची भरती 1916 मध्ये सुरू झाली. तोवर स्वखुशीने येणारे लाखो कामकरी हवे होते. त्यांतले कित्येक जण लग्नाविना संसार करत. घटस्फोटाचा खर्च गरिबाला झेपत नसे, त्यामुळे मोडलेले पहिले लग्न कागदावर तसेच राही. घरची चूल विझवून असा माणूस बंदूक कशाला उचलेल? तेव्हा सरकारने अशा बाईलाही भत्ता दिला. अट एकच, शिपाई आधीपासून तिचे घर चालवत असला पाहिजे. सरकारी कागदांत 'अविवाहित पत्नी' असा अजब शब्द आला!

कालपर्यंत जे पाप होते ते भरतीसाठी चालून गेले. आम्ही याला उदारपणा म्हणत नाही.

कारण ऑक्टोबर 1914 मध्येच पोलिसांना हुकूम सुटला: भत्ता घेणाऱ्या बायकांवर नजर ठेवा, दारू किंवा 'बदचाल' दिसली की भत्ता बंद. यात लग्नाच्या बायकाही सुटल्या नाहीत. नवरा खंदकात आणि दारात पोलीस! सिल्व्हिया पँखर्स्ट यांनी पूर्व लंडनमधल्या कामकरी बायकांना घेऊन याविरुद्ध आवाज उठवला. त्यांचे म्हणणे सरळ होते, हा पैसा भीक नसून हक्क आहे. (बाबासाहेब 1916 मध्ये शिकायला गेले ते याच युद्धकाळातल्या लंडनमध्ये.)

सप्टेंबर 2000 मध्ये सिएरा लिओनमध्ये ओलिसांची सुटका करताना एक ब्रिटिश सैनिक मारला गेला. त्याची जोडीदार गरोदर होती, पण लग्न झालेले नव्हते, म्हणून नियमाने तिला विधवेचे पेन्शन नाही. बरीच ओरड झाली. 2003 मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, लढाईत मेलेल्यांच्या अविवाहित जोडीदारांना हक्क मिळाला, समलिंगी जोडीदारांनाही. इथेही मुहूर्त युद्धाचाच, हे विसरू नका. एप्रिल 2005 च्या नव्या पेन्शन योजनेत तो हक्क लढाईबाहेरच्या मृत्यूलाही लागू झाला. पण एकत्र राहत होतो, एकमेकांच्या पैशावर अवलंबून होतो, याचे पुरावे जोडीदारानेच द्यायचे. लग्नाच्या बायकोला एक दाखला पुरतो.