घरच्या कोंबडीची निवड

परभणीहून जिंतुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हें गांव लागतें. अशा गांवच्या आठवड्याच्या बाजारांत, धान्याच्या व भाजीच्या ओळी संपतात तेथें, पायांना सुतळी बांधलेल्या कोंबड्या पुढ्यांत घेऊन कांहीं बाया बसलेल्या असतात. घेणारीही बहुधा बाईच असते. ती कोंबडी उचलून प्रथम वजनाचा अंदाज घेते. मग तुरा लाल व ऊबदार आहे कीं फिका व सुकलेला, हें बोटानें चाचपते. शेपटीखालीं हात घालून दोन हाडांमध्यें किती बोटें मावतात तें पाहते. शेवटीं पायांचा रंग निरखते, आणि मग कोठें भावाची गोष्ट काढते. ही सारी परीक्षा दोन मिनिटांत उरकते, आणि ती तिला कोणत्याही शाळेंत शिकविलेली नसते. अंड्यांसाठीं घरीं कोंबडी पाळावी असें आज अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही वाटूं लागलें आहे. तेव्हां ह्या दोन मिनिटांत जो इतिहास सांठलेला आहे, त्याची थोडी उकल करणें वाचकांस अप्रस्तुत वाटूं नये.

पायांच्या रंगापासूनच आरंभ करूं. चार्ल्स डार्विन यानें १८६८ सालीं पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, जगांतील साऱ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्याच्या वंशांतल्या आहेत. हें मत स्थूलमानानें अजून टिकून आहे. हा पक्षी माणसाळला तो आग्नेय आशियाच्या बाजूस. पाळीव म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडांत बान नॉन वाट येथें सांपडलीं असून तीं इ. स. पूर्व १६५० ते १२५० ह्या दरम्यानचीं आहेत, असें २०२२ सालीं संशोधकांनीं ठरविलें. भाताच्या व भरड धान्याच्या शेतीनें रानांतला पक्षी खळ्याशीं ओढून आणला, असा त्यांचा तर्क आहे. आणि ज्वारीच्या खळ्याभोंवतीं घोटाळणाऱ्या कोंबड्या ज्यानें पाहिल्या आहेत त्यास तो सहज पटेल.

पण तांबड्या रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात. मग पाळीव कोंबड्यांना ते आले कोठून? २००८ सालीं ह्या कोड्याचें उत्तर मिळालें. पिवळ्या कातडीचा गुण करड्या रानकोंबड्यापासून आला आहे. आणि हा पक्षी भारताबाहेर रानांत कोठेंच आढळत नाहीं. सह्याद्रीच्या व दक्षिणेच्या रानांत त्याची बांग आजही ऐकूं येते. म्हणजे पूर्वेकडून आलेली पाळीव कोंबडी आपल्या देशांत आल्यावर येथल्या रानपक्ष्याशीं तिचा संकर झाला, आणि त्या संकराची खूण आज जगांतील कोट्यवधि कोंबड्यांच्या पायांवर आहे.

ह्या खुणेचा उपयोग मोठा आहे. दाण्यांतून व हिरव्या पाल्यांतून मिळणारा पिवळा रंग अशा कोंबडीच्या कातडींत सांठतो. पण ती अंडीं घालूं लागली कीं तोच रंग बलकाकडे वळतो, आणि अंगावरचा पिवळेपणा क्रमानें ओसरतो. प्रथम गुदद्वाराभोंवतींचा, मग डोळ्याच्या कडेचा, मग चोंचीचा आणि सर्वांत शेवटीं पायांचा. पिवळ्या पायांच्या जातीची कोंबडी फिक्या पायांची दिसली, तर ती कित्येक महिने नेमानें अंडीं घालीत आली आहे असें समजावें. जाणता गिऱ्हाईक फिके पाय निवडतो. अजाण मनुष्य पिवळेधमक पाय पाहून भुलतो. जात मुळांतच काळ्या किंवा पांढऱ्या पायांची असेल, तर मात्र ही कसोटी लागत नाहीं. त्यावेळीं हाडें पाहावीं: शेपटीखालच्या दोन हाडांत दोन-तीन बोटें मावलीं तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बोट कसेंबसें शिरलें तर नाहीं.

आतां मौज अशी कीं, अंड्यांसाठीं कोंबडी निवडणें ही गोष्ट आपल्या जुन्या वाङ्मयांत फारशी दिसत नाहीं. तेथें मान आहे तो कोंबड्याला. तांबड्या तुऱ्यावरून संस्कृतानें त्याला ताम्रचूड म्हटलें. पहांट सांगणारा म्हणून व झुंजणारा म्हणून त्याचें कौतुक झालें. अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत कोंबड्यांना खच्ची करूं नये अशी आज्ञा दिली, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत मांसासाठीं कोंबडा पोसण्याची रीत रूढ होती. कोंबडीविषयीं मात्र मौन आहे, आणि त्याचें कारण हिशेबांत आहे. रानकोंबडी वर्षांत दहा-पंधरा अंडीं घालते. गावठी कोंबडी साठ ते ऐंशी घालते, पण दर खेपेस डझन-दीड डझन झालीं कीं ती खुडुक होते, म्हणजे अंडीं थांबवून उबवावयास बसते. मग एकवीस दिवस उबवण आणि पुढें कित्येक आठवडे पिलांची राखण. अशा घरांत अंडें हें खाण्याची वस्तु नव्हतें. तें पुढच्या कोंबडीचें बीज होतें. पिलें वाढवून विकावयाचीं, आणि मीठमिरची, औषध, मुलाची पाटी ह्यांना लागणारा पैसा त्यांतून काढावयाचा. पाऊस चुकला कीं पीक बुडणाऱ्या मराठवाड्यांत, बाईला कोणासही न विचारतां मोडतां येणारें असें हें एकच धन असे. म्हणून तिची निवडीची पहिली कसोटी एकच: ही नीट बसेल काय, आणि बसली तर पिलें घारीपासून राखील काय?

ही कसोटी बदलली ती गेल्या दीडशें वर्षांत, आणि बदलाचा आरंभ एका वेडानें झाला. १८४० नंतर चीनमधून आलेल्या टोलेजंग कोंबड्या इंग्लंडच्या राणीच्या पदरीं पोंचल्या, आणि इंग्लंड-अमेरिकेंत जो उठला तो कोंबड्या घेऊं लागला. जॉर्ज बर्नहॅम नांवाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानें १८५२ सालीं आपल्या करड्या कोंबड्या राणीस नजर केल्या आणि त्या कीर्तीवर भरमसाट भाव मिळविला. ह्याच तऱ्हेच्या कोंबड्यांना ब्रह्मपुत्रा हें आपल्याकडील नदीचें भारदस्त नांव चिकटलें. रक्त मात्र बरेंचसें चिनी. थोड्याच वर्षांत भाव कोसळले, आणि १८५५ मध्यें त्याच बर्नहॅमनें ह्या वेडाचा इतिहास लिहून आपल्या गिऱ्हाइकांची मनसोक्त थट्टा केली. ह्यास हंसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाहीं. झाबुआच्या काळ्या कडकनाथ कोंबडीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पुढच्याच वर्षीं सांगली-कोल्हापूर भागांत कडकनाथ पाळण्याच्या एका योजनेंत पैसा बुडाल्याच्या तक्रारी घेऊन शेतकरी पोलिसांकडे गेले. कोंबडी बिचारी दोन्ही वेळां निर्दोष होती. तिचें नांव विकलें गेलें.

वेड ओसरलें तरी निवडीची विद्या वाढली. इटलींतील लेगहॉर्न जातींतून अमेरिकेंत अशी पांढरी कोंबडी तयार झाली कीं, जी खुडुक होण्याचें जवळजवळ विसरली. आज तिच्या संकरित वंशांतली कोंबडी वर्षास तीनशें अंडीं घालते. आपल्याकडे १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं पुण्यास वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्यें अंडे समन्वय समिति निघाली, आणि अंडें हें शहरांत रोजच्या खाण्याची वस्तु झालें. परंतु ही पांढरी कोंबडी पिंजऱ्याची, मोजक्या खाद्याची. अंगणांत ती घारीला दुरून दिसते आणि पिलें कधींच काढीत नाहीं. ह्या अडचणीवर तोड म्हणून हैदराबादेस १९८८ सालीं स्थापन झालेल्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें परसांतल्या कोंबड्या तयार केल्या: अंगानें भारी ती वनराजा, आणि अंड्यांना चांगली ती ग्रामप्रिया. बोरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. ज्या हैदराबादेहून पूर्वीं तिच्यावर हुकूम येत, त्याच शहरानें आतां खेड्यांच्या अंगणासाठीं कोंबडी घडविली आहे.

पांढरपेशा घरांत मात्र कोंबडीचा प्रवेश सोपा नव्हता. अंडें आलें तें बहुधा डॉक्टरच्या सांगण्यावरून, आणि तेंही स्वयंपाकघराच्या बाहेर, निराळ्या भांड्यांत. ह्या संकोचाला धक्का देणारें एक मत पुण्याजवळ, आगाखान राजवाड्याच्या बंदिवासांत लिहिलें गेलें आहे. १९४२ सालीं आरोग्यावर लिहितांना गांधीजींनीं असें म्हटलें कीं, कोंबड्याचा संग नसतां घातलेल्या अंड्यांतून पिलूं होत नाहीं. तेव्हां जो दूध घेतो त्यास असें अंडें घेण्यास हरकत नसावी. हा युक्तिवाद सर्वांस मान्य झाला असें नाहीं. पण त्यांतील वस्तुस्थिति घरच्या पाळणुकीस उपयोगी आहे: अंड्यांसाठीं कोंबडा लागत नाहीं, म्हणून चाळींत वा वस्तींत पहांटेची बांग ठेवून शेजाऱ्यांची झोंप मोडण्याचें कारण नाहीं.

राहिला रोगाचा प्रश्न, आणि बाजारांतली खरी जोखीम हीच. १९२६ च्या सुमारास जावा व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें, आणि लगोलग आपल्या कुमाऊंतील राणीखेत येथें एक सांथ ओळखली गेली. खेड्यांतील लोक तिला मानमोडी म्हणतात. मान पिरगळते, हिरवट हगवण लागते, आणि आठवड्यांत खुराडें रिकामें होतें. ह्यावर लस आहे, उपचार नाहीं. पुढें २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू देशांत प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्यें तो परभणीजवळ मुरुंबा गांवीं आला, शेंकडों कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या निरोगी कोंबड्याही माराव्या लागल्या. ज्या घरीं दहा कोंबड्या हीच शिल्लक, तेथें ह्याचा अर्थ काय हें सांगावयास नको. म्हणून लस टोंचली कीं नाहीं हें भावाच्या आधीं विचारावें. विकणाऱ्यास सांगतां आलें नाहीं, तर टोंचली नाहीं असें धरून चालावें.

मग कुटुंबानें कोणती कोंबडी घ्यावी? हा सारा इतिहास पाहिल्यावर आमचें मत असें कीं, सर्वांत अधिक अंडीं घालणारी ती उत्तम, हा हिशेब कारखान्याचा आहे, घराचा नव्हे. घरांत मुलें असतील तर झुंजार असील टाळावी. हातांत धरतां शांत राहणारी, रंगीत पिसांची, परसांत आपलें पोट बरेंचसें आपण भरणारी कोंबडी घ्यावी. ग्रामप्रियेसारख्या तीन-चार घेतल्या, तर प्रत्येकी वर्षास सुमारें दोनशें अंडीं पुष्कळ झालीं. पण त्यांत एक गावठी कोंबडी अवश्य असावी. संकरित कोंबड्या खुडुक होत नाहींत, आणि त्यांच्या पिलांत आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहींत. निवळ त्यांच्यावर विसंबलेलें घर दर दोन वर्षांनीं पुन्हां विकतच्या पिलांच्या दारीं उभें राहतें. गावठी कोंबडी थोडीं अंडीं देते, पण खुराडें नांदतें ठेवते. जी सवय मोडण्यांत शास्त्रज्ञांनीं शंभर वर्षें घालविलीं, ती मोडण्याजोगी होती कारखान्यासाठीं. बोरीच्या बाईसाठीं तीच मुद्दल आहे.

तिची खरेदी आतां झाली असेल. ती कोंबडी घरीं नेईल आणि पहिल्या रात्रीं निराळ्या डालग्याखालीं झांकून ठेवील, म्हणजे तिला घर ओळखीचें होईल. पशुवैद्यही नवी कोंबडी निराळी ठेवावयास सांगतात, पण दोन-तीन आठवडे, म्हणजे अंगांत रोग असला तर तो बाहेर पडेल. ही मुदत तेवढी तिनें वाढवावी. बाकीची परीक्षा तिच्याकडून शिकून घेण्याची पाळी आपली आहे.