मातीचा जमाखर्च

नाशिकहून पश्चिमेस इगतपुरीच्या वाटेला लागले म्हणजे पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणारा मुलूख लागतो. पूर्वेस सिन्नर, येवला, नांदगाव या बाजूस वळले म्हणजे वीस-पंचवीस इंचांवर समाधान मानावे लागते, आणि तेवढाही पाऊस वेळेवर पडेलच याची शाश्वती नसते. पूर्वेकडील हा कोरडा पट्टा जिल्ह्याच्या शिवेपाशी संपत नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, पुढे पुण्याचा पूर्वभाग व सोलापूर यांतून तो थेट विजापुरापर्यंत पसरलेला आहे. या मुलखातील दुष्काळाचा दोष पिढ्यान् पिढ्या मेघराजाच्या माथी मारण्यात आला. पडलेल्या पावसाचे जमिनीवर पुढे काय होते, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर मोजमापाने शोधण्यात ज्यांनी हयात वेचली, त्यांत एन्. व्ही. कानिटकर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या कार्याची पार्श्वभूमी पुण्याच्या शेतकी कॉलेजात आढळते. 1907 साली डॉ. हॅरल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ त्या संस्थेचे प्राचार्य झाले. आपल्या सहकाऱ्यांना प्रयोगशाळेतून उठवून शिवारात नेण्याची त्यांची रीत होती. व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह त्यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याचे पाणी आले म्हणजे जमिनीचे दैन्य फिटले, ही समजूत त्या अभ्यासाने खोटी ठरविली. निचरा नसेल तर तेच पाणी मीठ वर आणून जमीन नासवते, हे स्पष्ट झाले. पाण्याने नासणारी जमीन आणि पाण्यावाचून ओस पडणारी जमीन, असे दुखणे दुहेरी होते. कानिटकरांच्या वाट्याला त्यांतील दुसरे आले.

परंतु मातीकडे वळण्यापूर्वी त्यांना माणसांचा अभ्यास घडला. मॅनसाहेबांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी करून 1917 साली ग्रंथ लिहिला. त्यातील सहकाऱ्यांत कानिटकर होते. त्या गावी 1771 साली सरासरी धारण 40 एकरांची होती, ती 1914-15 साली अवघ्या 7 एकरांवर आली होती. पुढे 1921 साली जातेगाव बुद्रुक या पुणे जिल्ह्यातील कोरडवाहू गावाचा दुसरा ग्रंथ निघाला. त्यावर मॅन यांच्या जोडीला एकट्या कानिटकरांचे नाव आहे. कर्ज, वाटण्या आणि बेभरवशाचे पीक यांनी कुणबी कसा जखडला गेला आहे, याचे चित्र त्यांनी घरोघर हिंडून पाहिले. हा अनुभव पुढे त्यांच्या उपयोगी पडणार होता.

1923 साली पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय प्रयोगांना आरंभ झाला. ताम्हणे आणि कानिटकर ही त्यांतील प्रमुख नावे होत. 1928 साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, पाठोपाठ 1929 साली शेतकी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली, आणि तिच्या द्रव्यसाहाय्याने 1933 साली सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. सोलापूरच्या कामाशी कानिटकरांचे नाव कायमचे जोडले गेले.

तेथील प्रयोगाची पद्धत दिसावयास अगदी साधी होती. उतारावर मोजके तुकडे आखावयाचे, कोठे पीक, कोठे गवत, कोठे उघडी जमीन ठेवावयाची, आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकास हौद बांधून वाहून आलेले पाणी व गाळ मोजावयाचा. सावकाराच्या वहीप्रमाणे हा जमाखर्च होता: आकाशातून आले किती, जमिनीत मुरले किती, वाहून गेले किती. दुधावरील साय काढावी तसा वरचा कसदार थर सरींबरोबर निघून जातो, आणि ज्याच्या शेतातून तो जातो त्याला पत्ताही लागत नाही, हे या वहीने दाखवून दिले. अमेरिकेत 1934 च्या धुळीच्या वादळांनंतर 1935 साली मृद्‌संधारणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले, हे ध्यानी घेतले म्हणजे सोलापूरचे काम जगाच्या मागे नव्हते असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगांतून जी शिफारस सिद्ध झाली ती ‘मुंबई पद्धत’ या नावाने ओळखली जाते. समपातळीत बांध घालावे, खोल नांगरट दरवर्षी न करता तीन वर्षांतून एकदा करावी, पेरणीपूर्वी कुळवाच्या पाळ्या घालाव्या, शेणखत द्यावे, बी थोडे वापरून दोन ओळींत 18 इंचांचे अंतर राखावे, आणि पीक उभे असता वारंवार कोळपावे. कोळपणीने तण जाते व काळ्या जमिनीच्या भेगा बुजून आतील ओल टिकते. शेतकऱ्यास यांतील बरेचसे अपरिचित नव्हते. ताली घालण्याची चाल दख्खनात जुनीच होती. जुन्या अनुभवास नव्या मापाची जोड मिळाली, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

तथापि अडचण निराळ्याच ठिकाणी होती. पाणी समपातळीची रेषा ओळखते, तर शेताची शीव भावांच्या वाटण्यांतून ठरते. बांध शास्त्राप्रमाणे घालावयाचा तर तो चार जणांच्या वावरांतून जाणार. त्यांतील एकाने नकार दिला की तिघांचे श्रम वाया. पिंपळे सौदागरला दिसलेले जमिनीचे तुकडे सोलापूरच्या उतारावर असे आडवे आले. 1942 साली मुंबई सरकारने जमीन-सुधारणेचा कायदा केला, तो गावाच्या संमतीने सर्व शिवारावर एकच योजना राबविता यावी म्हणून. 1947 साली जमिनीचे तुकडे पडण्यास आळा घालणारा कायदाही झाला. दरम्यान 1944 साली कानिटकरांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. पुढे 1960 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुंबई पद्धतीने उत्पन्न वाढे ते 15 ते 20 टक्के. मुळात पीकच थोडे, म्हणून ही वाढ मूठभर धान्याची असे, आणि तेवढ्यासाठी बैल, खत व मजुरी यांचा खर्च शेतकऱ्यास पेलत नसे. शिवाय खोल काळ्या जमिनीत बांधाच्या वर पाणी तुंबून पीक कुजते व बांध फुटतात, असा अनुभव पुढे आला. म्हणून तशा जमिनीत जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध घालावे, असे नंतरच्या शास्त्रज्ञांनी ठरविले. सोलापूरचे संशोधन मात्र खंडित झाले नाही. 1970 साली सुरू झालेल्या अखिल भारतीय कोरडवाहू शेती प्रकल्पात त्याचा समावेश झाला, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली ते आजही चालू आहे.

सिन्नर-येवल्याच्या माळावर पहिला वळीव कोसळतो तेव्हा ओढ्याचे पाणी तांबडे-काळे होऊन वाहते. तो रंग कोणाच्या तरी शेताचा असतो. ते पाणी वरच्या अंगालाच थोपवावयाचे तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे एकमत झाले पाहिजे, हा कानिटकरांच्या जमाखर्चातील शेवटचा आकडा अजून पुरता वसूल झालेला नाही.