उसनं पंचांग, उसने आक्षेप

खंडन करायचं तर आधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या ताकदीने मांडावं, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त. फ्लूच्या लशीच्या वादात ती कुणीच पाळलेली दिसत नाही. लस न घेणाऱ्याला अडाणी ठरवलं जातं आणि घ्या म्हणणाऱ्याला औषध कंपन्यांचा हस्तक. म्हणून पूर्वपक्षापासून सुरुवात करतो.

नागपुरातल्या शिकल्या-सवरल्या घरांत रूढ असलेलं मत असं आहे. फ्लू म्हणजे आठवडाभराचा ताप. काढा, वाफारा आणि विश्रांती पुरते. लस दरवर्षी नवी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लस त्याच्या मागे धावत राहते. ती थंड देशांची गरज आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या गावात फ्लूचा विषाणू टिकणार कसा? शिवाय एका मात्रेला दीड-दोन हजार मोजायचे, आणि एवढं करून सर्दी होतेच.

जे जास्त वाचतात त्यांच्याकडे याहून धारदार शस्त्र आहे. कोक्रेन ही वैद्यकीय पुरावे काटेकोरपणे तपासणारी संस्था. तिच्या २०१८ च्या आढाव्यानुसार, निरोगी प्रौढांना लस दिली नाही तर एका हंगामात शंभरातल्या २.३ जणांना फ्लू होतो आणि दिली तर ०.९ जणांना. म्हणजे एकाचा फ्लू टाळायला ७१ जणांना सुई टोचावी लागते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तर अमेरिकेतच लशीची परिणामकारकता जेमतेम १९ टक्के भरली होती. मग हा खटाटोप कशासाठी?

यातला एकही आकडा खोटा नाही. लशीच्या समर्थकांनी स्वतःच्या बाजूचं नुकसान कसं केलं, तेही इथेच सांगायला हवं. लस घेतलेल्या वृद्धांत मृत्यू निम्म्याने कमी होतात, असं अनेक वर्षं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. २००६ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी तीच पाहणी वेगळ्या पद्धतीने केली. त्यांना दिसलं की लस घेतलेले वृद्ध फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीसुद्धा कमी मरत होते. फ्लूच नसताना फ्लूची लस वाचवते कशी? उत्तर सरळ होतं. जे चालत दवाखान्यात जाऊन लस घेऊ शकत होते ते मुळातच धडधाकट होते. अंथरुणाला खिळलेले लशीपर्यंत पोचतच नव्हते. हा दोष मान्य केल्याशिवाय मंडनाच्या बाजूला उभं राहण्याचा अधिकार मिळत नाही. तो मी पूर्णपणे मान्य करतो, आणि तिशीतल्या निरोगी माणसाने एखाद्या वर्षी लस घेतली नाही तर आभाळ कोसळत नाही, हेही मान्य करतो.

आता खंडन. अमेरिकेतला तो १९ टक्क्यांचा हिवाळा घ्या. त्या वर्षी तिथे पसरला होता एच३एन२, आणि तो लशीतल्या एच३एन२ पासून दूर सरकला होता. म्हणून लस फसली. त्याच हिवाळ्यात, २०१५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये, नागपुरात काय चाललं होतं? इथे होता एच१एन१, ज्याला आपण २००९ पासून स्वाइन फ्लू म्हणतो. महाराष्ट्रात त्या साथीत सर्वाधिक होरपळलेल्या शहरांत नागपूर होतं. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं केवळ शहराचीच नव्हे, तर विदर्भाबरोबर छिंदवाडा-बालाघाटकडचेही रुग्ण सांभाळत होती. त्या वर्षी देशात तपासणीने सिद्ध झालेले ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू नोंदले गेले.

आणि त्या वेळच्या लशीत एच१एन१ चा कोणता वाण होता? ए/कॅलिफोर्निया/७/२००९. भारतात फिरणारा विषाणू बदलला असावा, अशी शंका तेव्हा अमेरिकेतल्या एका शोधनिबंधाने घेतली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने इथले नमुने तपासून तो कॅलिफोर्निया वाणाच्या जवळचाच असल्याचं सांगितलं. म्हणजे लस जुळत नाही हा आक्षेप ज्या वर्षाचा दाखला देऊन घेतला जातो, त्याच वर्षी नागपुरात ती जुळत होती. उणीव होती ती लस घेतलेल्या माणसांची. अमेरिकेचा विषाणू, अमेरिकेचा निकाल आणि अमेरिकेचीच निराशा आपण जशीच्या तशी उचलली आणि आपल्या अतिदक्षता विभागात काय चाललंय ते पाहिलं नाही. दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला आक्षेप आपल्याला बसतो का, हे तपासणं हेच तर विवेकाचं पहिलं काम.

उन्हाचा मुद्दाही असाच. तो चुकतो याचं कारण साधं आहे: नागपुरात वर्षभर मे महिना नसतो. कडक उन्हात उघड्यावर पडलेला विषाणू लवकर निकामी होतो हे खरं. पण तो पसरतो माणसाच्या श्वासातून, बंद खोलीत, गर्दीत. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या दहा केंद्रांवर २००९ ते २०१३ या काळात जी पाहणी झाली, तिच्यात नागपूर होतं. श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये दिसला, चेन्नई-वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि नागपूर, पुणे, दिल्ली, लखनौ, कोलकाता अशा शहरांत जून ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबतीची मिरवणूक निघते आणि खोकला, रोगराई तिच्यासोबत गावाबाहेर जावी असा पुकारा होतो, तो नेमका याच हंगामात. ही प्रथा घडवणाऱ्यांना विषाणू ठाऊक नव्हता, पण आपल्या गावाचा आजारपणाचा काळ त्यांनी अचूक हेरला होता. १९१८ च्या साथीची जीवघेणी दुसरी लाट मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर कोसळली तीही पावसाळा सरता सरता. हा प्रांत तेव्हा देशातल्या सर्वाधिक मृत्यूंच्या प्रांतांपैकी एक होता आणि नागपूर त्याची राजधानी. उन्हाने त्याला वाचवलं नाही.

इथे एक गोष्ट समर्थकांनाही सुनवायला हवी. लस घेण्याचं पंचांगही आपण उसनंच आणलं आहे. युरोप-अमेरिकेत ऑक्टोबरात लस घेतात, कारण त्यांचा फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडेही कित्येक जण थंडीची चाहूल लागल्यावर लशीची चौकशी करतात, तेव्हा पावसाळी लाट ओसरलेली असते. लशीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते उतरत जातं. म्हणून नागपूरकराने लस घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आधी. जागतिक आरोग्य संघटना विषाणूंचे वाण वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण उत्तरेत राहत असलो तरी आपल्या पावसाळ्याला सोयीची पडते ती बहुधा दक्षिणेची लस. २०१५ सारखी हिवाळी लाट पुन्हा आली तर मेमधली लस तोवर क्षीण झालेली असेल, ही अडचण खरी आहे. तिच्यावर आज तरी समाधानकारक उत्तर नाही. पण नेहमीच्या लाटेसाठी तयारी करायची की अवचित येणाऱ्या लाटेसाठी, असा प्रश्न असेल तर मी नेहमीच्या लाटेची तयारी निवडीन.

आता त्या ७१ कडे वळू. कोक्रेनचा हा आकडा निरोगी, तरुण आणि मध्यमवयीन माणसांचा आहे. त्याच संस्थेच्या वृद्धांवरच्या आढाव्यात फ्लूचं प्रमाण ६ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर येतं, म्हणजे सुमारे ३० जणांमागे एकाचा आजार टळतो. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. या चाचण्या फ्लू झाला की नाही हे मोजतात; मृत्यू किंवा व्हेंटिलेटर मोजण्याइतकी माणसं त्यांत नसतात. जे मोजलंच गेलं नाही ते घडतच नाही असं म्हणणं म्हणजे अभाव आणि अज्ञान यांची गल्लत. निरोगी तरुणाच्या सरासरीवरून गरोदर बाईचा, मधुमेही आजोबांचा आणि दम्याच्या रुग्णाचा निकाल लावणं ही तर्काची त्याहूनही मोठी चूक आहे, आणि रूढ मताचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

हृदयविकाराचं उदाहरण घ्या. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो. म्हणजे आठवडाभराचा ताप म्हणून ज्याची बोळवण होते, तोच आठवडा पन्नाशीपुढच्या हृदयरोग्यासाठी वर्षातला घातक आठवडा ठरू शकतो. ताप उतरल्यावर आलेल्या झटक्याच्या दाखल्यावर फ्लूचं नाव क्वचितच येतं. पुढे, झटका आलेल्या अडीच हजारांवर रुग्णांना चिठ्ठ्या टाकून लस किंवा निव्वळ खारं पाणी देणारी चाचणी झाली; वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण लस घेणाऱ्यांत ५.३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७.२ टक्के राहिलं. इथे धडधाकट माणसंच लस घेतात हा दोष उरत नाही, कारण निवड चिठ्ठीने केली होती. भारतासह अनेक देशांत हृदय दुबळं झालेल्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत मुख्य निष्कर्ष इतका ठाम आला नाही, न्यूमोनिया मात्र कमी झाला. दोन्ही निकाल वाचकासमोर ठेवतो; त्यांतून चमत्कार सिद्ध होत नाही, निरुपयोगही होत नाही.

गरोदरपणाबद्दल पुरावा अधिक स्वच्छ आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आईला गरोदरपणी लस दिल्यावर तिच्या बाळांत पहिल्या सहा महिन्यांत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात. आपल्यासारख्याच हवेच्या, आपल्यासारख्याच गरीब शेजारी देशातला हा पुरावा आहे; याला तरी थंड देशाचा म्हणता येणार नाही.

लशीनेच फ्लू होतो ही समजूत चटकन निकालात निघते. इथे सामान्यतः टोचली जाणारी लस निष्क्रिय विषाणूच्या तुकड्यांची असते. हात दुखतो, एखादा दिवस कणकण येते, बस. लस घेऊनही सर्दी झाली ही तक्रार खरी असते. पण सर्दीचे इतर डझनावारी विषाणू आहेत आणि ही लस त्यांच्यासाठी नाही. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आल्यापासून लशीचा संबंध त्या आजाराशी जोडणं वाढलं आहे. १९७६ च्या अमेरिकी लशीने तो धोका लाखात एकाने वाढवला होता, हे खरंच आहे. आजच्या हंगामी लशीत वाढ असलीच तर दहा लाखांत एक-दोन रुग्णांची. पुण्याच्या साथीमागे दूषित पाण्यातून होणारा संसर्ग होता, आणि फ्लूचा आजार स्वतःसुद्धा हा विकार जागवू शकतो.

विदर्भाची एक गोष्ट मात्र या वादात कुणीच बोलत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली ती नागपुरातून. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत, आजही या आजाराची अनेक मुलं आहेत. ताप आणि श्वसनाचा संसर्ग त्यांच्यासाठी वेदनेच्या झटक्याचं आणि छातीच्या जीवघेण्या गुंतागुंतीचं निमित्त ठरतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१० मध्ये दिसलं की सिकलसेल असलेली मुलं फ्लूमुळे इतर मुलांच्या ५६ पट प्रमाणात दाखल होतात. आपल्याकडे या आजाराचं रूप बऱ्याचदा सौम्य असतं, म्हणून इथला पट कमी भरेल. तरी दिशा बदलत नाही. नागपूरला फ्लूच्या लशीची गरज काय, असं विचारणाऱ्याने आधी या मुलांच्या आईबापांना भेटावं.

राहिला पैसा. रोजंदारीवरच्या कुटुंबाला माणशी दीड-दोन हजार दरवर्षी परवडत नाहीत, आणि राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण तो लशीवर नसून वाटपावर आहे, आणि त्याचं उत्तर अंशतः याच राज्याने दिलेलं आहे. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्राने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत देणं सुरू केलं. किती गरोदर बायकांना हे कुणी सांगितलं? कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या २००९ मध्ये घरोघर पोचल्या. सरकारी लशीची खबर तेवढी पोचली नाही. मागणीच नाही म्हणून साठा येत नाही, साठा नाही म्हणून डॉक्टर सुचवत नाहीत, आणि डॉक्टर सुचवत नाहीत म्हणून लोक ती अनावश्यक समजतात. हे चक्र तोडायचं तर सगळ्या शहराला लस टोचायची गरज नाही. गरोदर स्त्रिया, साठीपुढचे, हृदय-फुप्फुसांचे आणि मधुमेहाचे रुग्ण, पाच वर्षांखालची मुलं आणि त्यांना हाताळणारे परिचारक-डॉक्टर एवढ्यांपर्यंत ती एप्रिल-मेमध्ये पोचली तरी पुष्कळ झालं. विदर्भाने या यादीत सिकलसेलचं नाव ठळकपणे मागून घ्यावं. त्या रुग्णांची नोंदणी सरकारने आधीच केलेली आहे. गावनिहाय नावं आशाताईंना ठाऊक आहेत, आणि पाऊस पडायच्या आत त्यांच्यापर्यंत शीतपेटी नेण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही.