पॅसिफिका : श्रोत्यांच्या वर्गणीवरील नभोवाणी

पॅसिफिका : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पाच नभोवाणी-केंद्रांची मालक असलेली, नफा न वाटणारी विश्वस्त संस्था. स्थापना १९४६. पहिले केंद्र केपीएफए हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १५ एप्रिल १९४९ रोजी सुरू झाले; त्यानंतर लॉस अँजेलिस (केपीएफके, १९५९), न्यूयॉर्क (डब्ल्यूबीएआय, १९६०), ह्यूस्टन (केपीएफटी, १९७०) आणि वॉशिंग्टन (डब्ल्यूपीएफडब्ल्यू, १९७७) अशी चार केंद्रे तिच्या पदरात पडली. जाहिरातदाराचे मिंधेपण पत्करायचे नाही, सरकारी खजिन्याकडे डोळे लावून बसायचे नाही, आणि तरीही रोजचा खर्चवेच भागवायचा, तो ऐकणाऱ्याने आपखुशीने दिलेल्या वर्गणीतून, अशा प्रतिज्ञेने चाललेला अमेरिकेतील हा पहिला प्रयोग. त्यामुळे अशा सर्वच केंद्रांच्या ओढगस्तीची कारणे या एका संस्थेच्या चरित्रात जवळजवळ सगळी सापडतात.

प्रवर्तक लुइस हिल (१९१९–५७) हा युद्धविरोधी होता. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास त्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार दिला, त्यापायी काही काळ कॅलिफोर्नियातील श्रमछावणीत काढला, आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये नभोवाणी-निवेदकाची नोकरी करीत असता, ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडून निघणारा शब्द बहुधा त्याचा स्वतःचा नसतो, तो त्याच्या धन्याच्या मालाची विक्री व्हावी म्हणून उसना दिलेला असतो, हे त्याने जवळून पाहिले. बोलणाऱ्यास बोलण्याची जबाबदारी पुरती देता यावी, तर त्याचे वेतन ऐकणाऱ्याकडूनच आले पाहिजे, असा त्याने सिद्धांत मांडला, आणि एफ.एम. संच बाळगणाऱ्या श्रोत्यांपैकी शंभरांतील दोघांनी जरी वर्गणी भरली तरी केंद्र तगेल, असा हिशेबही त्यास जोडला. आरंभी वर्षाची वर्गणी १० डॉलर होती आणि वर्गणीदारास टपालाने कार्यक्रमपत्रिका मिळे.

या हिशेबात एक मूलभूत अडचण आहे. थकलेल्या वर्गणीसाठी अंकाच्या शेवटच्या पानावर विनवण्या छापण्याची पाळी मराठी मासिकांच्या कितीतरी संपादकांवर आली. परंतु त्यांच्या हाती निदान अंक बंद करण्याचे हत्यार तरी होते. नभोवाणीचे तसे नाही. हवेतून आलेला आवाज पैसे भरणाऱ्यास जितका स्वच्छ ऐकू येतो तितकाच तो न भरणाऱ्याच्या घरीही ऐकू येतो, आणि फुकट्या श्रोत्याच्या दारात जप्ती नेता येत नाही. हिलचे म्हणणे असे की हीच सक्तीची उणीव वर्गणीस नैतिक मोल देते, कारण जे टाळता येते तेच देण्यात खरी संमती दिसते. युक्तिवाद उदात्त आहे; मात्र त्यावर महिन्याअखेरचा पगाराचा बटवडा होत नसे, हे केपीएफएस दीड वर्षाच्या आतच उमगले. एफ.एम. संच तेव्हा थोड्याच घरांत होते, वर्गणी पुरेना, आणि ऑगस्ट १९५० मध्ये केंद्र बंद पडले. श्रोत्यांनी सभा भरवून निधी उभारण्यास आरंभ केला, फोर्ड प्रतिष्ठानाच्या प्रौढशिक्षण-निधीचे साहाय्य मिळाले, तेव्हा कोठे मे १९५१ मध्ये ते पुन्हा बोलू लागले. श्रोत्यांच्या बळावर उभे राहावयाचे म्हणून निघालेल्या संस्थेस पहिल्याच संकटात धनिकाच्या दानाचा टेकू लागला, ही गोष्ट तिच्या कैवाऱ्यांना आजही थोडी अडचणीची वाटते. न्यूयॉर्कचे केंद्र तर लुइस श्वाइत्सर या उद्योगपतीने सनदेसह आयतेच दान केलेले आहे.

कार्यक्रमांची प्रत मात्र पहिल्यापासून असामान्य होती. पौर्वात्य तत्त्वज्ञानावरील ॲलन वॉट्सची व्याख्याने व पॉलीन केलची चित्रपटपरीक्षणे बर्कलीच्या केंद्रावरून प्रथम लोकांच्या कानी गेली. आणि ज्या मतांना अन्यत्र मज्जाव होता, त्यांना तेथे बसावयास खुर्ची मिळे. तेव्हा राजसत्तेची वक्रदृष्टी वळणे ओघाने आलेच. साम्यवाद्यांच्या शिरकावाचा संशय घेऊन सेनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने १९६३ मध्ये संस्थेच्या चालकांच्या जबान्या घेतल्या, आणि दळणवळण आयोगाने केंद्रांच्या सनदांचे नूतनीकरण अडवून धरले, ते जानेवारी १९६४ मध्ये मोकळे केले. ह्यूस्टनचे केंद्र सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झाले असता १२ मे १९७० रोजी त्याचा प्रक्षेपक सुरुंगाने उडविण्यात आला. दुरुस्ती होऊन केंद्र चालू झाले तोच ६ ऑक्टोबरला तो पुन्हा उडविला गेला, आणि या प्रकरणी कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या एका सभासदास पुढे शिक्षा झाली. न्यूयॉर्क केंद्राने ३० ऑक्टोबर १९७३ रोजी भर दुपारी जॉर्ज कार्लिनचे शिवराळ विनोदी भाषण प्रक्षेपित केले, त्यावर एका पित्याने केलेली एकच तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल संस्थेच्या विरुद्ध लागला. अमेरिकेतील नभोवाणीच्या असभ्यतेविषयीचा कायदा या खटल्यावरच आधारलेला आहे.

तथापि बाहेरच्या शत्रूमुळे ही संस्था बुडण्याच्या बेतास आली, असे म्हणता येत नाही. सुरुंग आणि समन्स यांनी तिची कीर्तीच पसरली. ज्या केंद्रावर हल्ला होतो त्यास वर्गणी देण्यास श्रोत्याचा हात अधिक सैल होतो. वर्गणी आटते ती घरच्या भांडणाने, आणि असे भांडण संस्थेत जवळजवळ जन्मापासून आहे. खुद्द हिल यासच सहकाऱ्यांशी बिनसल्यामुळे १९५३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, पुढल्या वर्षी तो परतला, आणि १९५७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

या कलहाचे मूळ अधिकारलालसेत जितके आहे तितकेच मालमत्तेत आहे. अमेरिकेत एफ.एम. पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्‌झ हा भाग व्यापारेतर केंद्रांसाठी राखीव आहे. परंतु बर्कलीचे केंद्र ९४.१ वर आणि न्यूयॉर्कचे ९९.५ वर, म्हणजे खुल्या व्यापारी भागात बसले आहे. ज्या काळी एफ.एम.ला कोणी विचारीत नव्हते त्या काळी या लहरी जवळजवळ फुकट मिळाल्या. नंतर शहरे वाढली, मोटारींत एफ.एम. संच आले, आणि त्या सनदांची किंमत कोट्यवधी डॉलरांत गेली. भर पेठेतल्या जुन्या वाड्यात नाममात्र भाड्याने राहणाऱ्या कुळासारखी या केंद्रांची स्थिती झाली: खिशात दमडी नाही आणि पायाखालची जागा मात्र लाखमोलाची. सिॲटल येथील केआरएबी (१९६२) हे केंद्र लोरेन्झो मिलम याने पॅसिफिकाच्याच धर्तीवर उभारले होते. त्याच्या चालकांनी १०७.७ ही लहर १९८४ मध्ये विकून टाकली. तो मोह पॅसिफिकाच्या विश्वस्तांनाही होऊ शकतो, या भयाची १९९९ च्या उद्रेकास पार्श्वभूमी होती.

त्या वर्षी ३१ मार्च रोजी केपीएफएच्या लोकप्रिय व्यवस्थापिका निकोल सवाया यांना मध्यवर्ती कचेरीने दूर केले आणि या विषयावर प्रक्षेपणात चकार शब्द काढू नये असा हुकूम सोडला. हुकूम मोडणाऱ्यांना काढून टाकण्यात येऊ लागले. पुढे एका विश्वस्ताचे, केंद्रविक्रीच्या शक्यतेची चर्चा करणारे खाजगी पत्र चुकून भलत्याच हाती पडले, आणि १३ जुलैला डेनिस बर्नस्टीन या निवेदकाने त्याविषयीच्या वार्ताहर परिषदेचा भाग आपल्या कार्यक्रमात ऐकविला. कार्यक्रम संपताच त्यास बाहेर काढण्यासाठी भाडोत्री रखवालदार आले. तो वृत्तकक्षात शिरला. तेथे संध्याकाळचे वृत्त वाचले जात होते आणि ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ती झटापट व त्याचा आरडाओरडा श्रोत्यांनी घरबसल्या ऐकला, आणि काही वेळाने बातम्या थांबून जुन्या ध्वनिफिती वाजू लागल्या. त्या रात्री इमारतीत व दारात पन्नासांवर माणसे पकडली गेली, केंद्रास टाळे लागले, आणि महिनाअखेर बर्कलीच्या रस्त्यांवरून हजारोंचा मोर्चा निघाला. केंद्र कर्मचाऱ्यांच्या हाती परत आले, परंतु दावे चालूच राहिले. त्यांचा तहनामा २००१ अखेर झाला आणि त्यातून २००३ ची नवी घटना निघाली.

ही घटना लोकशाहीच्या भक्तांनी एकदा वाचण्याजोगी आहे. प्रत्येक केंद्रास २४ जणांचे स्थानिक मंडळ, त्यांत १८ श्रोत्यांनी निवडलेले व ६ कर्मचाऱ्यांनी, २५ डॉलर वर्गणी देणारा किंवा तीन तास स्वयंसेवा करणारा प्रत्येक जण मतदार, मतदान पसंतीक्रमाने, आणि श्रोत्यांपैकी दहा टक्क्यांनी मत न टाकल्यास निवडणूक रद्द. मालकी ऐकणाऱ्याकडे आली खरी, परंतु तिच्याबरोबर मतपत्रिका, टपालखर्च, पक्षोपपक्ष व वकिलांच्या फियाही आल्या. ज्याला सायंकाळचे संगीत हवे असते तो बिचारा निवडणुकीस उभा राहत नाही. उभा राहतो तो ज्याला भांडणात रस असतो, आणि मंडळाच्या सभा मग त्याच रसाने रंगतात. विश्वस्तांच्या मनमानीवर हा उतारा होता हे मान्य करूनही, त्यायोगे तिजोरीत भर पडली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

तिजोरी भरण्याचे मुख्य साधन म्हणजे निधिसप्ताह. नेहमीचे कार्यक्रम आवरते घेऊन निवेदक श्रोत्यांस दूरध्वनी करण्याची गळ घालतात, स्वयंसेवक आकडे टिपून घेतात, तासाची रक्कम पुरी न झाल्यास तसे स्पष्ट ऐकविले जाते, आणि देणगीदारास पुस्तक, ध्वनिफीत वा चहाचा पेला भेट मिळतो. बोललेली प्रत्येक रक्कम हाती येतेच असे नाही. वसुलीची पत्रे निराळी धाडावी लागतात. या पद्धतीचा खोल परिणाम कार्यक्रमांवर होतो. जो कार्यक्रम दूरध्वनी खणखणवितो तो टिकतो. गंभीर नाट्यवाचन मागे पडते, आणि चमत्कारिक औषधोपचारांची पुस्तके किंवा गुप्त कटांच्या चित्रफिती भेटीदाखल देणारे कार्यक्रम पुढे सरकतात. जाहिरातदारास दाराबाहेर ठेवल्यावर विक्रेता खिडकीतून आत आला, असे या केंद्रांचे जुने चाहतेच म्हणतात, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. निधीचे दिवस जसजसे वाढत गेले तसतसा ऐकणारा कंटाळला, आणि तो कंटाळला म्हणून दिवस आणखी वाढवावे लागले.

न्यूयॉर्कच्या केंद्रास या सर्वांवर मनोऱ्याच्या भाड्याचा भार होता. एम्पायर स्टेट इमारतीवरील प्रक्षेपकासाठी केलेल्या करारनाम्यात दरवर्षी चढत जाणारे भाडे मान्य केलेले होते. २०१३ मध्ये बहुतेक पगारी नोकर कमी करूनही थकबाकी साचत गेली, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने इमारतमालकांच्या बाजूने सुमारे १८ लाख डॉलरांचा हुकूमनामा दिला. जप्तीचे सावट कॅलिफोर्नियातील मिळकतींवरही पडले, म्हणून पुढील वर्षी सुमारे ३७ लाख डॉलरांचे कर्ज काढून प्रकरण मिटविण्यात आले. एका केंद्राचे देणे दुसऱ्या शहराच्या वर्गणीदाराने का फेडावे, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी मध्यवर्ती कचेरीने न्यूयॉर्कचे स्थानिक कार्यक्रम एकाएकी बंद करून त्याजागी अन्य केंद्रांचे कार्यक्रम लावले. स्थानिक मंडळाने फिर्याद केली, आणि सुमारे एका महिन्याने न्यायालयाच्या आदेशाने केंद्र पूर्ववत झाले.

सरकारी साहाय्याची वाट १९६७ च्या सार्वजनिक प्रक्षेपण कायद्याने उघडली होती. पॅसिफिकाही तिच्यावरून बरीच वर्षे चालली, पण हिशेबातील दोषांपायी ते अनुदान तिला अंतरले. जुलै २०२५ मध्ये संसदेने त्या निधीपैकी सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, त्याची झळ मुख्यतः ग्रामीण व आदिवासी मुलखातील लहान केंद्रांस बसली. पॅसिफिकास उपासाची सवय आधीच झालेली होती.

भारतात ही परंपरा निराळ्या वाटेने गेली. घरोघरच्या रेडिओ-परवान्याची टपालकचेरीत भरावयाची फी कित्येक दशके चालली, पण ती सक्तीची होती आणि तिचा धनी सरकार होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९५ चा. सामुदायिक केंद्रे चालविण्याची मुभा स्वयंसेवी संस्थांस २००६ मध्ये मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ पासून चालणाऱ्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रे मातृसंस्थेचा आधार, मर्यादित जाहिराती व सरकारी प्रसिद्धीचे मोबदले यांवर उभी आहेत. दुष्काळी तालुक्यातील शेतमजूर स्त्रीकडे वर्षाची वर्गणी मागण्याची कल्पना येथे रुजली नाही, यात नवल नाही.

पॅसिफिकाचे १९४९ पासूनचे ध्वनिमुद्रित दप्तर लॉस अँजेलिस येथे ठेवलेले असून त्यात हजारो फिती आहेत. त्यांतील निवडक भाषणांच्या प्रती निधिसप्ताहात देणगीदारांस भेट म्हणून देण्यात येतात, आणि दप्तराच्या जतनासाठी पाचही केंद्रांवरून स्वतंत्र निधिदिन पाळला जातो.