‘कायम वायू’ या संकल्पनेचा उदय आणि अस्त (इ. स. १८२२ ते १९०८)

बीजसंज्ञा : दाब, ऊर्जा, प्रावस्था, क्रांतिक तापमान, द्रवीकरण.

प्रस्तावना

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था शालेय पाठ्यपुस्तकात एका ओळीत सांगितल्या जातात. त्यामुळे त्यांच्यातील सीमारेषा निसर्गानेच कायमच्या आखून ठेवल्या आहेत, असा समज दृढ होतो. विज्ञानाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकात काही वायूंना ‘कायम वायू’ असे नाव मिळाले होते. कितीही दाब दिला तरी ते द्रवरूप होत नाहीत, असे मानले जात असे. ही संकल्पना कशी रूढ झाली आणि कशी मोडीत निघाली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फॅरडेचे यश आणि मर्यादा

इ. स. १८२३ मध्ये मायकेल फॅरडेने बंद काचनळीत क्लोरिनचे स्फटिकरूप हायड्रेट तापविले. मुक्त झालेला वायू स्वतःच्याच दाबाखाली आला आणि नळीत पिवळसर, तेलकट द्रव जमा झाला. ‘वायू’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ केवळ दाबाने द्रव होऊ शकतो, हे यावरून दिसून आले. पुढे त्याने घनरूप कार्बन डायऑक्साइड व ईथर यांचे मिश्रण निर्वातात ठेवून सुमारे उणे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान उतरविले आणि इ. स. १८४५ पर्यंत अनेक वायू द्रवरूप केले. तरीही हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन हे सहा वायू दाद देईनात. व्हिएन्ना येथे नाटेररने जवळजवळ तीन हजार वातावरणांइतका दाब वापरून पाहिला. पण त्यालाही यश आले नाही. हे सारे प्रयत्न प्रामुख्याने दाब वाढविण्याच्या दिशेने होते, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. प्रयोगातील अपयशालाच पदार्थाचा गुणधर्म मानले गेले आणि ‘कायम’ हे विशेषण रूढ झाले.

अँड्र्यूजचा शोध

या कोड्याचा धागा फार पूर्वीच हाती आला होता. इ. स. १८२२ मध्ये फ्रान्समधील कान्यार द ला तूर याने बंद पात्रात ईथर, अल्कोहोल इत्यादी द्रव तापविले असता, विशिष्ट तापमानानंतर द्रव आणि बाष्प यांमधील सीमा नाहीशी होते असे त्याला आढळले. ऑक्सिजन व हायड्रोजन याच स्थितीच्या पलीकडे असावेत, अशी शंका फॅरडेनेही व्यक्त केली होती. परंतु तिला मोजमापाचा भक्कम आधार दिला तो बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजचे प्राध्यापक थॉमस अँड्र्यूज यांनी.

इ. स. १८६९ च्या बेकेरियन व्याख्यानात अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोग मांडले. १३.१ अंश तापमानाला सुमारे ४९ वातावरण दाबाखाली हा वायू द्रव होऊ लागतो. मात्र ३१ अंशांच्या किंचित वर गेल्यास कितीही दाब दिला तरी द्रवाचा पृष्ठभाग दिसत नाही. या मर्यादेला त्यांनी ‘क्रांतिक बिंदू’ मानले. त्याहूनही महत्त्वाचे निरीक्षण असे, की वायूला आधी या तापमानाच्या वर नेऊन दाबले आणि मग थंड केले, तर तो कोणताही खंड न पडता द्रवावस्थेत पोहोचतो. द्रव आणि वायू ही एकाच अखंड श्रेणीची दोन टोके आहेत, हा यातून निघणारा निष्कर्ष क्रांतिकारक होता.

ऊर्जेच्या भाषेतील उलगडा

याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण व्हान डेर वाल्स यांनी इ. स. १८७३ मध्ये लायडन येथील प्रबंधात दिले. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि त्यांच्यात परस्पर आकर्षण असते, या दोन गोष्टी त्यांनी आदर्श वायूच्या समीकरणात समाविष्ट केल्या. दाबामुळे रेणू जवळ येतात. पण त्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम आकर्षणाचे असते. तापमान क्रांतिक मर्यादेच्या वर असेल, तर रेणूंची गतिज ऊर्जा या आकर्षणावर मात करते आणि वेगळी द्रव प्रावस्था निर्माण होत नाही. क्रांतिक बिंदूपाशी बाष्पीभवनाची सुप्त उष्णताही शून्य होते. क्लोरिनचे क्रांतिक तापमान सुमारे १४४ अंश असल्याने फॅरडेला दाब पुरेसा ठरला. ऑक्सिजनचे मात्र उणे ११८.६ अंश आहे. फॅरडेचे तापमान या मर्यादेपासून जेमतेम आठ-नऊ अंश दूर राहिले होते.

शेवटचे टप्पे

दिशा स्पष्ट होताच यश येऊ लागले. डिसेंबर १८७७ मध्ये काय्यते यांनी दाबलेला ऑक्सिजन एकाएकी प्रसरण पावू देऊन त्याचे धुके मिळविले. त्याच महिन्यात जिनिव्हाहून पिक्ते यांनीही द्रवीकरणाची वार्ता कळविली. इ. स. १८८३ मध्ये क्राकूव्ह येथे व्ह्रूब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी पात्रात स्थिर राहणारा द्रव ऑक्सिजन मिळविला. ड्यूअर यांनी इ. स. १८९८ मध्ये हायड्रोजन, तर कॅमर्लिंग ऑनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी लायडन येथे हेलियम द्रवरूप केला. यानंतर ‘कायम वायू’ या नावाला अर्थ उरला नाही.

निष्कर्ष

हा इतिहास केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील प्रोपेन व ब्युटेन खोलीच्या तापमानाला दाबाने द्रव होतात, तर रिक्षातील सीएनजी, म्हणजे मुख्यतः मिथेन, सुमारे २०० वातावरण दाबाखालीही वायुरूपच राहतो; हा भेद क्रांतिक तापमानाचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत विशाखापट्टणमहून रेल्वेने महाराष्ट्रात आलेल्या टँकरमध्ये द्रव ऑक्सिजन होता. द्रवरूपात त्याचे आकारमान आठशे पटींहून अधिक घटते, म्हणूनच एवढा साठा एका गाडीतून आणणे शक्य झाले. ज्या वायूला एकेकाळी ‘कायम’ म्हटले गेले, त्याच्याच द्रवरूपावर असंख्य रुग्णांचा श्वास अवलंबून होता. एखाद्या गोष्टीला ‘अशक्य’ ठरविण्यापूर्वी आपण योग्य राशी बदलून पाहिली आहे काय, हा प्रश्न विचारण्याची शिकवण या इतिहासातून मिळते, असे म्हणता येईल.