गांधीलमाशीचं काडतूस

'व्हार्मिंट' हा अमेरिकेच्या खेडवळ बोलीतला शब्द, 'व्हर्मिन'चा अपभ्रंश. ज्याच्या मांसासाठी किंवा शिंगांसाठी कुणी मागे लागत नाही, पण जे आपल्या शिवारात नको असतं, ते जनावर म्हणजे व्हार्मिंट. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियाच्या कुरणांत हा मान वुडचकचा. कूळ खारीचं, पण दिसायला मांजराएवढी फुगलेली घूसच. तो शेतातला पाला खातो हा एक गुन्हा. बिळं करतो हा त्याहून मोठा, कारण त्यात पाय अडकून घोडा लंगडा होण्याची धास्ती असते. याच प्राण्याचं दुसरं नाव ग्राउंडहॉग. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सुटॉनी गावी १८८७ पासून २ फेब्रुवारीला त्याला मानानं बाहेर काढतात आणि हिवाळा किती उरलाय ते विचारतात. उन्हाळ्यात त्याच्याच भाऊबंदांवर नेम धरला जातो.

जिम कॉर्बेट वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला ही शिकार वाटणारच नाही. यात माग नाही, मचाण नाही, धोका तर नाहीच. कुरणाच्या कडेला पालथं पडायचं आणि दीडशे यार्डांवर बिळाच्या तोंडाशी तपकिरी डोकं वर येण्याची वाट पाहायची. लक्ष्य मुठीएवढं. आजूबाजूला गाई, पलीकडे कुणाचं तरी घर. जड गोळी जमिनीवर आपटून उसळली तर कुठे जाईल याचा नेम नाही, आणि मोठ्या बारानं शेतकरी वैतागला तर पुन्हा आत घेणार नाही. म्हणून गोळी हवी होती हलकी, वेगवान, सरळ जाणारी आणि मातीला लागताच चुरा होणारी.

ती घडली १९२०च्या दशकाच्या शेवटी, स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात. पण सैन्यासाठी नव्हे. टाउनसेंड व्हेलेन, ग्रोव्हेनर वोटकिन्स आणि त्यांचे सहकारी हे लष्करी वर्तुळातले, नेमबाजीचं वेड असलेले लोक. त्यांनी १८८५चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं एक मागे पडलेलं विंचेस्टर काडतूस घेतलं, त्यात बिनधुराची दारू भरली आणि वर ४५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅमची, मऊ नाकाची गोळी बसवली. वेग सेकंदाला सुमारे २४०० फूट. नाव 'पॉइंट टू-टू हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी. विंचेस्टरनं १९३० साली ही काडतुसं बाजारात आणली तेव्हा त्यांच्यासाठी कारखान्यात बनलेली एकही रायफल नव्हती! हौशी लोक बंदुका कारागिराकडे नेऊन त्यांची घरं या काडतुसाच्या मापाची करून घेत. आधी काडतूस, मग बंदूक, असा हा उलटा संसार.

मऊ नाकाची गोळी लागताच फुलते. वुडचक जागीच मरतो, जखमी होऊन बिळात कुजत नाही. शिकारी याला दया म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण या दयेचा जुना पत्ता आपल्याकडचा आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात इंग्रजांनी अशाच फुलणाऱ्या गोळ्या बनवल्या, त्या वायव्य सरहद्दीवरच्या माणसांसाठी. १८९९च्या हेग परिषदेत त्यांवर बंदी आली, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता, की सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की थांबतो, रानटी माणूस धावतच येतो. कोणाला व्हार्मिंट म्हणायचं, हे ठरवणारी परिषदच म्हणा ना ती.

अमेरिका त्या बंदीत सामील झाली नव्हती, तरी तिच्या सैन्यानं ती साधारणपणे पाळली. दुसऱ्या महायुद्धानंतर वैमानिकांना, विमान पडलं तर ससे-पक्षी मारून जगता यावं म्हणून, हॉर्नेटची घडीची रायफल दिली गेली. तिच्या मऊ नाकाच्या काडतुसांवर सूचना होती, की ही शत्रुसैनिकांवर वापरू नयेत. इथवर रेषा स्पष्ट होती.

ती धूसर केली हॉर्नेटच्या धाकट्या भावंडानं. १९५० साली रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी 'ट्रिपल टू' काडतूस काढलं. गोळी ५० ग्रेनची, वेग ३२०० फूट, आणि अचूकता अशी की नेमबाजीच्या स्पर्धा त्यानं पुढे कित्येक वर्षं गाजवल्या. हॉर्नेटची मर्यादा दीडशे-पावणेदोनशे यार्ड. यानं ती सव्वादोनशेच्या पुढे नेली. १९५७ च्या सुमारास सैन्यानं हलकी रायफल मागितली. अट अशी की गोळीनं ५०० यार्डांवरचं पोलादी शिरस्त्राण भेदावं. आर्मालाइटच्या यूजीन स्टोनर यांनी वॉकर यांचंच काडतूस हाताशी घेतलं, पितळी नळकांडं थोडं लांबवलं, गोळी ५५ ग्रेनची केली. तेच पुढे एम-१६चं काडतूस झालं. जुन्या ७.६२च्या काडतुसापेक्षा वजन निम्मं, म्हणजे सैनिकाच्या पाठीवर तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. कुरणातला हलकेपणा व्हिएतनामच्या जंगलात असा कामाला आला.

गोळीचं नाक मात्र आता तांब्याच्या आवरणात बंद होतं, हेगच्या अक्षराला धरून. ती फुलत नव्हती. पण मार्टिन फॅकलर या लष्करी शल्यविशारदानं १९८०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की अशी वेगवान गोळी शरीरात शिरल्यावर आडवी होते आणि मधोमध तुटून तिचे तुकडे विखुरतात. मातीला लागून चुरा होणारी गोळी ज्यांनी मागितली होती, त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटलं असतं. सैन्याच्या कागदपत्रांत मात्र ती 'बॉल' गोळी, म्हणजे साधी.

आज फ्रान्स-इटलीतले शिकारी 'ट्रिपल टू' जपून आहेत, त्याचं एक कारण गमतीचं आहे. लष्करी मापाची काडतुसं नागरिकांना मिळणं तिथे दीर्घकाळ अवघड होतं; बापाला परवानगी होती, मुलाला नव्हती. मुलगा १९८० साली नाटोचं प्रमाण काडतूस झाला, गोळी आणखी जड झाली, आणि १९९०च्या दशकात इन्सास रायफलीबरोबर ते माप भारतीय सैन्यातही आलं. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ही ५.५६ मिलिमीटरची काडतुसं बनतात. गोळीचा व्यास अजूनही वॉकर यांच्या वुडचकवरच्या गोळीएवढाच आहे.