ट्रुमन यांनी निर्णय नेमका केव्हा घेतला?

दुसरे महायुद्ध शिकवायला घेतले की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, अणुबाँब टाकला ते बरोबर होतं की चूक?" मीही काही वर्षे मुलांचे दोन गट पाडून वादविवाद घेत असे. एका गटाने युद्ध लवकर संपले असे म्हणायचे, दुसऱ्याने निरपराध माणसे मारली गेली असे. घंटा होईपर्यंत आवाज चढलेले असत आणि नवे काही कोणालाच कळलेले नसे. पुढे माझ्या लक्षात आले की या वादाआधीचा एक साधा प्रश्न आपण विचारतच नाही. हा निर्णय कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर घेतला?

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट वारले आणि उपाध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी त्याच संध्याकाळी शपथ घेतली. उपाध्यक्ष होऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. एक प्रचंड गुप्त प्रकल्प चालू आहे एवढे त्यांना ठाऊक होते. तो कशाचा, हे कोणी सांगितले नव्हते. शपथविधीनंतर युद्धमंत्री स्टिम्सन यांनी चार शब्द कानावर घातले. सविस्तर माहिती मिळाली २५ एप्रिलला. तोपर्यंत कारखाने उभे होते, विमानांची तुकडी सराव करत होती आणि कोणती शहरे निवडायची याची चर्चा सुरू होणार होती. धावत्या गाडीत चढलेला माणूस, असे ट्रुमन यांचे वर्णन करता येईल.

मग वैज्ञानिक गप्प होते काय? नव्हते. जेम्स फ्रांक या नोबेल विजेत्याच्या अध्यक्षतेखाली शिकागोच्या काही वैज्ञानिकांनी जूनमध्ये अहवाल दिला : आधी निर्जन ठिकाणी बाँबचे प्रात्यक्षिक करून दाखवावे, नाहीतर पुढे शस्त्रस्पर्धा अटळ आहे. पण ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन यांच्या सल्लागार गटाने १६ जूनला उलट मत दिले. प्रत्यक्ष लष्करी वापराला दुसरा पर्याय आपल्याला दिसत नाही, असे ते म्हणाले. लिओ झिलार्ड यांनी जुलैत सत्तर वैज्ञानिकांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. तो बाँब पडण्यापूर्वी ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा भाग जरूर सांगावा. 'वैज्ञानिकांनी बनवले आणि राजकारण्यांनी वापरले' ही आपली आवडती विभागणी त्यामुळे जरा डळमळते.

आता त्या कागदाकडे वळू. २५ जुलै १९४५ रोजी वॉशिंग्टनहून जनरल हँडी यांच्या सहीने हवाई दलाच्या जनरल स्पाट्झ यांना आदेश गेला. ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान अनुकूल होताच हिरोशिमा, कोकुरा, निईगाता आणि नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला बाँब टाकावा. पुढचे बाँब जसजसे तयार होतील तसतसे उरलेल्या शहरांवर टाकावेत. स्टिम्सन आणि लष्करप्रमुख मार्शल यांची त्याला संमती होती. ट्रुमन यांची सही मात्र नाही. त्यांच्या सहीचा असा दुसरा कोणताही आदेश सापडत नाही. प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ज यांनी पुढे लिहिले की अध्यक्षांचा निर्णय म्हणजे ठरलेल्या योजनेत ढवळाढवळ न करण्याचा निर्णय होता.

याचा अर्थ ट्रुमन निर्दोष ठरतात असा नव्हे. थांबवण्याचा अधिकार त्यांचाच होता, आणि सारी जबाबदारी त्यांनी जन्मभर स्वतःकडे घेतली. ते काही बाबतींत लक्षही घालत होते. क्योटो हे प्राचीन शहर यादीतून वगळावे हा स्टिम्सन यांचा आग्रह त्यांनी उचलून धरला. त्याच सुमारास त्यांनी रोजनिशीत लिहिले की लक्ष्य लष्करी असेल, बायकामुले नव्हेत. हिरोशिमात लष्कराचे मोठे मुख्यालय होते हे खरे. पण नेम धरला होता भर शहरातल्या एका पुलावर. शहराच्या मधोमध बाँब टाकणे म्हणजे काय, हे त्यांना कितपत उमगले होते याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर युरेनियमचा बाँब पडला. दुसरा बाँब ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामान बिघडणार असे दिसताच तो दोन दिवस अलीकडे आणला गेला. त्यासाठी अध्यक्षांना विचारावे लागले नाही, कारण 'जसजसे तयार होतील' हे शब्द आदेशातच होते. ९ ऑगस्टला विमान कोकुरावर गेले, खालचे नीट दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत ७०,००० च्या वर माणसे दगावली.

आणि मग १० ऑगस्ट. सकाळी जपानचा सशर्त शरणागतीचा प्रस्ताव आला होता. त्याच दिवशी ग्रोव्ज यांनी मार्शल यांना कळवले की पुढचा बाँब १७-१८ ऑगस्टनंतर टाकता येईल. मार्शल यांनी त्याच कागदावर हाताने लिहिले की अध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ट्रुमन यांनी हे सांगितले. व्यापारमंत्री वॉलेस यांच्या रोजनिशीत नोंद आहे : आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याची कल्पना भयंकर आहे, आणि ती सगळी लहान मुले मारणे आपल्याला नकोसे वाटते, असे अध्यक्ष म्हणाले. अणुबाँबविषयी ट्रुमन यांनी स्वतःहून दिलेला स्पष्ट हुकूम शोधायचा तर तो हा, आणि तो थांबवण्याचा आहे. साध्या बाँबचे हल्ले मात्र थांबले नाहीत. १४ ऑगस्टलाही ते चालू होते. दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला, एका चर्च संघटनेच्या पदाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ट्रुमन यांनी पर्ल हार्बर आणि युद्धकैद्यांच्या हत्येचा दाखला देऊन बाँबचे कठोर समर्थन केले. माणूस एकच, अंतर एका दिवसाचे.

समर्थनात आकड्यांचा मोठा वाटा आहे. जपानवर स्वारी केली असती तर दहा लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत वा जखमी झाले असते, असे स्टिम्सन यांनी १९४७ मध्ये लिहिले. ट्रुमन यांच्या १९५५ च्या आठवणींत पाच लाख जीव वाचल्याचा उल्लेख आहे. जून १९४५ मधल्या एका लष्करी अंदाजात मृतांचा आकडा सुमारे ४०,००० होता. उलट बाजूने, अमेरिकेच्याच पाहणी अहवालाने १९४६ मध्ये म्हटले की बाँब किंवा स्वारी यांवाचूनही जपान वर्षअखेरीपूर्वी शरण आला असता. ८ ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारले, त्याचा परिणाम किती हाही वाद आहे. मुलांना या जर-तरमध्ये फार अडकवू नये असे मला वाटते. मात्र दोन गोष्टी सांगाव्यात. चीन आणि आग्नेय आशियात जपानी अमलाखाली रोज माणसे मरत होती. आणि मार्च १९४५ मध्ये साध्या आगलाव्या बाँबनी टोकिओत एका रात्रीत एक लाखाच्या आसपास माणसे मारली होती. शहरे जाळण्याची सवय अणुबाँबच्या आधीच लागली होती.

हिशोबाच्या पलीकडचा आक्षेपही घेतला गेला. टोकिओच्या खटल्यातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात या निर्णयावर बोट ठेवले. १९५६ मध्ये ऑक्सफर्डने ट्रुमन यांना मानद पदवी देऊ केली, तेव्हा एलिझाबेथ अँस्कम या तत्त्वज्ञ बाईंनी विरोध केला. निरपराधांना ठार मारणे हे साधन म्हणून वापरणे हा खूनच, मग त्याने किती जीव वाचतात हा प्रश्न गौण, असे त्यांचे म्हणणे होते. पदवी दिली गेलीच.

१० ऑगस्टचा हुकूम मात्र टिकला. अणुबाँब वापरायचा की नाही हे अध्यक्षाने ठरवायचे, सेनापतींनी नव्हे, ही रीत तिथून पडली. कोरियाच्या युद्धातही ट्रुमन यांनी तो वापरला नाही.

तिसऱ्या बाँबसाठीचा प्लुटोनियमचा गोळा लॉस अलामॉसलाच राहिला. वजन ६.२ किलो, आकार मोठ्या मोसंब्याएवढा. २१ ऑगस्ट १९४५ रोजी हॅरी डॅघलियन हा चोवीस वर्षांचा भौतिकीतज्ज्ञ त्याच्याभोवती न्यूट्रॉन परावर्तित करणाऱ्या विटा रचत होता. एक वीट हातातून निसटून गोळ्यावर पडली, क्षणभर शृंखला अभिक्रिया सुरू झाली आणि पंचवीस दिवसांनी तो वारला. पुढच्या मे महिन्यात त्याच गोळ्यावर प्रयोग करताना लुई स्लोटिन यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घसरला. ते नऊ दिवस जगले. त्यानंतर तो गोळा वितळवून टाकला.